बाईंच्या डबीतला नीलम



या वेळी दिवाळीच्या साफसफाईवर लिहीन असं म्हणाले होते. साफसफाई सुरूही केली, पण तिसऱ्या दिवशी जुन्या लोखंडी कपाटातल्या एका पितळी डबीपाशी येऊन अडले. म्हणून आज नीलमाबद्दल. लेख लांबलाय, दुपारची कामं आटोपून निवांत वाचा.

डबीचा विषय खरं तर माझ्या नातीनं काढला. ती सप्टेंबरची. पुण्याला शिकते. वाढदिवसाच्या आधी फोनवर म्हणाली, "आजी, सप्टेंबरचा बर्थस्टोन सफायर असतो. आपल्या घरात एक आहे ना? मला त्याचं पेंडंट करून दे." फोन स्पीकरवर होता. माझ्या मुलानं ताटातून मान वर केली आणि परत खाली घातली. आमच्या घरात त्या खड्याचं नाव पन्नास वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

मी १९८२ साली लग्न होऊन या घरात आले. त्याआधीची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. १९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. अख्खा नगर जिल्हा खडी फोडायला आणि नालाबंडिंगच्या कामावर गेला होता. मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक शेवगाव, पाथर्डी, जामखेडचं आणि सगळा धंदा सुगीच्या उधारीवर. दोन वर्षं सुगीच झाली नाही, तर उधारी कोण फेडणार? बाबूजी, म्हणजे माझे सासरे, रात्र रात्र वहीवर बसायचे. कुणीतरी ज्योतिषाकडे नेलं. वृषभ रास, साडेसाती मध्यावर. नीलम घाला, असं सांगितलं गेलं.

बाबूजींचा विश्वास नव्हता. आग्रह बाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांनी हातातल्या चार पाटल्यांपैकी दोन मोडल्या आणि सव्वापाच रत्तीचा नीलम घेऊन पंचधातूत बसवला. नीलम सोसतो की नाही ते आधी पाहतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तीन रात्री उशाखाली ठेवायचा. स्वप्नं बरी पडली तर घालायचा.

तिसऱ्या रात्री काकाजी गेले. बाबूजींचे धाकटे भाऊ, सत्तावीस वर्षांचे. शेवगावहून वसुली करून मोटरसायकलवर परत येत होते, अंधारात उभ्या ट्रकवर आदळले. काकीजी तेव्हा तेवीस वर्षांच्या, पदरात दीड वर्षाचा मुलगा.

अंगठी उशाखालून निघाली ती डबीत गेली. विकली का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "हे दुसऱ्याच्या घरात घालायचं?" नदीत टाकायचं, तर कुणाच्या हाताला लागलं म्हणजे? म्हणून ती कपाटातच राहिली.

मी या घरात बाईंना एकोणतीस वर्षं पाहिलं. पहिला गरम फुलका काकीजींच्या ताटात पडायचा. साड्या आल्या की पहिली निवड काकीजींची. काकीजींच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी आधी भरली गेली, माझ्या नवऱ्याला मात्र बारावीनंतर लगेच दुकानात बसवलं. मी म्हणायचे, काय मोठ्या मनाची बाई आहे. २००९ मध्ये आजारी असताना, मी पाय चेपत होते, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पाटल्या माझ्या होत्या." मला समजायला दोन मिनिटं लागली. दोन वर्षांनी त्या गेल्या.

मी बी.कॉम. आहे, हिशेब जुळला नाही की मला झोप येत नाही. नातीचा फोन ठेवला आणि मनात आलं, एका खड्यावर एवढी मोठी रक्कम नावे टाकली गेली, तर त्या खड्याचं खातं तरी एकदा काढून पाहावं. ही भीती आली कुठून? आणि भीती असूनही नीलम हवासा का वाटतो?

आपल्या जिल्ह्यात ही भीती घरबसल्या मिळते. नगरपासून साधारण ३५ किलोमीटरवर, नेवासे तालुक्यात शिंगणापूर. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांची काळी शिळा, वर छप्पर नाही. गावातल्या घरांना दारं नाहीत. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं शाखा काढली, तर तिच्या दाराला कुलूप नाही म्हणून पेपरात बातम्या आल्या. चौथऱ्यावर बायकांना जाता येत नव्हतं. उच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि २०१६ च्या पाडव्याला तेही खुलं झालं. आपण जैन, तरी आपल्यातल्या किती जणी शनिवारी तिकडे जाऊन येतात ते मला माहीत आहे. मी नावं घेत नाही!

पण एक गोष्ट पाहा. शिंगणापूरच्या शनीला लागतं तेल, रुईच्या पानांचा हार, काळे उडीद. शेतमजूर बाईलाही परवडेल असंच सगळं. नीलम तिथं लागत नाही. रस्त्यावरच्या टपऱ्यांवर निळ्या काचेच्या अंगठ्या मिळतात, पण त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. नीलम हा पैसेवाल्यांचा उपाय. पैसेवाले अडचणीत आले की जास्तच.

आता थोडं गणित. शनीला सूर्याभोवती एक फेरा घालायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणूनच तो शनैश्चर, सावकाश चालणारा. एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात. म्हणजे बारापैकी तीन राशींना साडेसाती कायमच चालू असते. कुठल्याही दिवशी मोजा, जगातली साधारण एक चतुर्थांश माणसं साडेसातीत असतात. धंद्याच्या नजरेनं बघितलं तर चार गिऱ्हाइकांमागे एक गिऱ्हाईक पक्कं! आणि माणसाच्या आयुष्यातला पाव हिस्सा साडेसातीचा असेल, तर त्यात काही ना काही वाईट घडणारच की. उरलेल्या तीन हिश्शांतही घडतं, पण ते कुणी मोजत नाही.

जुन्या ग्रंथांत नीलमाला इंद्रनील म्हणतात. गरुडपुराणात अशी कथा आहे की बल नावाच्या असुराच्या देहाची रत्नं झाली, त्याचे डोळे सिंहलद्वीपावर पडले आणि त्यांचे नीलम झाले. कथा बाजूला ठेवली तरी पत्ता बरोबर आहे. श्रीलंकेत रत्नपूर नावाचं गावच आहे आणि तिथल्या नदीकाठच्या गाळातून आजही नीलम निघतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, बावीस रत्नांची नावं दिली आहेत. त्यांत इंद्रनील आहे, पण सविस्तर वर्णन फक्त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांचं. तिथं एक मुद्दा आहे तो महत्त्वाचा: चांगलं रत्न राजाचं भलं करतं आणि सदोष रत्न वाईट करतं. पुढच्या रत्नशास्त्रांत नीलमाच्या दोषांची यादीच येते. ढगाळ असला तर अमुक नुकसान, चीर असली तर तमुक. मला वाचताना वाटलं की ही मुळात व्यापाऱ्याची भाषा आहे. खराब माल घेऊ नकोस, बुडशील, एवढंच तर ती सांगते. माल तपासायची ताकीद पिढ्या उलटताना घराच्या नाशाची भीती होऊन बसली असावी.

दुधाची परीक्षाही त्याच ग्रंथांतली. शंभरपट दुधात टाकला तरी सगळं दूध निळं करतो तो महानील. मी आमचा खडा वाटीभर दुधात टाकून पाहिला. दूध दुधासारखंच राहिलं, खड्याच्या अंगालगत थोडी निळसर झाक दिसली. ते दूध मग कुणाला द्यायचं हा प्रश्न पडला. शेवटी मीच प्यायले.

हे शोधताना आपल्यातला एक माणूस भेटला आणि मला फार आनंद झाला. ठक्कर फेरू. श्रीमाल जैन, हरियाणातल्या कन्नाणा गावचा, दिल्लीला अलाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात अधिकारी. त्यानं १३१५ मध्ये 'रयणपरिक्खा' म्हणजे रत्नपरीक्षा नावाचा ग्रंथ लिहिला, तोही संस्कृतात नाही, तर लोकांना समजेल अशा प्राकृतात आणि कशासाठी, तर मुलाला धंदा कळावा म्हणून. सुलतानाच्या खजिन्यातली रत्नं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहितोय, असं तो सांगतो. त्यात वजनाप्रमाणे भावाचे तक्ते आहेत! त्यानं टांकसाळीतल्या नाण्यांवर लिहिलं, गणितावर लिहिलं, वास्तूवरही लिहिलं. हा सगळा ठेवा अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांनी हस्तलिखितातून उजेडात आणला. कॉलेजात आम्हाला अकाउंटन्सी शिकवताना सगळी नावं परदेशी होती. सातशे वर्षांपूर्वीच्या या श्रावकाचं नाव तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी पुस्तक जास्त आवडीनं उघडलं असतं.

आणि तो खजिना भरला कुठून? थोडा तर आपल्याच भागातून. १२९० मध्ये नेवाशाला पैस खांबापाशी ज्ञानेश्वरी सांगून झाली. तेव्हा राज्य देवगिरीच्या रामदेवराव यादवांचं. त्यानंतर सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, अलाउद्दीननं देवगिरी लुटली. फिरिश्ता नावाच्या इतिहासकारानं खंडणीचे आकडे दिले आहेत: ६०० मण सोनं, १००० मण चांदी, ७ मण मोती आणि २ मण हिरे, माणकं, पाचू, नीलम. हा फिरिश्ताही लहानपणी आपल्या नगरलाच वाढला, निजामशाहीत. १५८९ मध्ये तो विजापूरला गेला आणि तिथं त्यानं इतिहास लिहिला. मात्र तो लिहीत होता घटनेनंतर तीनशे वर्षांनी. आकडे इतके गोल असले की माझा हात लाल पेनाकडे जातो. शिवाय तेव्हाचा मण केवढा, हाही प्रश्न आहेच. पण देवगिरीतून रत्नं दिल्लीला गेली आणि त्याच सुलतानाचा खजिना एका जैन माणसानं हाताळला, एवढं खरं. यादवांच्या घरातला एखादा नीलम ठक्कर फेरूनं उजेडात धरून पाहिलाही असेल.

आपल्या बायकांच्या दागिन्यांत मात्र नीलम फारसा दिसत नाही. मराठी नथ डोळ्यांसमोर आणा. मोती, लाल, हिरवा. आपल्या मारवाडी आडीत आणि बोरात कुंदन, लाल-हिरवी मीनाकारी. निळा खडा आपण हौसेनं घातलाच नाही. नवरत्नाच्या अंगठीत घातला तर इतर आठांच्या सोबतीनं, म्हणजे भीती वाटून घेतली! एकटा नीलम आला तो औषध म्हणून.

मग नातीचा बर्थस्टोन कुठून आला? त्याचा ग्रहाशी संबंध नाही. पाश्चात्त्यांकडे महिन्यांना रत्नं जोडायची जुनी चाल होती, पण याद्या वेगवेगळ्या. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात एकच यादी ठरवली. सप्टेंबरला नीलम आला. म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेचा ठराव. २००२ मध्ये डिसेंबरच्या यादीत टांझानाइट घातला, जो १९६७ पर्यंत जगात कुणाला ठाऊकच नव्हता! मी हे नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, मला ठाऊक आहे ते मार्केटिंग आहे. मला निळा रंग आवडतो, बस." १९८१ मध्ये डायनाच्या बोटात नीलम आला आणि २०१० मध्ये तोच तिच्या सुनेच्या बोटात. आपल्याकडची एखादी आजी म्हणाली असती, त्या अंगठीनं आधीचा संसार मोडला, ती सुनेला कशी दिली? त्यांच्याकडे तीच आईची आठवण झाली.

इथं मी थांबले आणि आगमाकडे वळले. खरं सांगायचं तर तिथंच आधी जायला हवं होतं.

दिवाळीत आपल्या स्थानकात उत्तराध्ययन सूत्राचं वाचन होतं, भगवंतांची अंतिम वाणी म्हणून. छत्तिसावं अध्ययन शेवटचं, जीवाजीवविभक्ती. खूप लांब आहे. मी कबूल करते, तिथपर्यंत येता येता माझं लक्ष घरातल्या फराळाकडे गेलेलं असायचं. यंदा आधीच अर्थासह वाचून काढलं. पृथ्वीकायाच्या जीवांचे प्रकार सांगताना माती, वाळू, मीठ, लोखंड, तांबं, सोनं येतं आणि मग रत्नं. गोमेद, स्फटिक, मरकत आणि 'इंदनील'. इतकी वर्षं हा शब्द कानावरून गेला आणि मला तो आमच्या कपाटातला आहे हे कळलं नाही!

म्हणजे जमिनीत आहे तोवर नीलम हा जीव. एकेंद्रिय. त्याचं आयुष्य जास्तीत जास्त बावीस हजार वर्षं. खाणीतून काढला, फोडला, घासला की अचित्त, जसं भाजलेलं मीठ. श्रावकाला जे पंधरा कर्मादान धंदे वर्ज्य सांगितलेत त्यांत 'फोडीकम्मे' आहे, जमीन फोडण्याचा धंदा. रोज प्रतिक्रमणात म्हणतो आपण. आणि तरी जयपूरच्या आणि पालनपूरच्या आपल्याच लोकांनी जवाहिराच्या व्यापारात नाव काढलं. खाण दुसऱ्यानं खणायची, पुडी आपण उघडायची. यावर चर्चा करायला लागले तर माझ्याच माहेरचे लोक रुसतील.

त्याच अध्ययनात पुढं देवांचे प्रकार येतात. त्यांत ज्योतिषी देव पाच: चंद्र, सूर्य, ग्रह, नक्षत्र, तारे. ग्रहांत शनी आलाच. त्यांचंही आयुष्य मोजलेलं. ते संपलं की त्यांनाही दुसरा जन्म घ्यावाच लागतो. मी चष्मा काढून बराच वेळ बसले. खडाही या यादीत आणि ग्रहही या यादीत. एक एकेंद्रिय, एक देव, पण दोघेही आपापल्या कर्मानं बांधलेले संसारी जीव, आपल्यासारखेच. ज्याला स्वतःला अजून सुटका नाही तो माझ्या काकाजींचं आयुष्य कसं तोडेल?

तुम्ही म्हणाल, आपल्यातही ग्रहशांती आहे. आहे. शनीसाठी मुनिसुव्रत भगवंतांचं स्मरण सांगतात, आणि शेवगाव ओलांडून पुढं पैठणला दिगंबर बांधवांचं मुनिसुव्रतनाथांचं क्षेत्र आहे, तिथं शनी अमावास्येला मोठी गर्दी होते. मनाला धीर येत असेल तर भगवंतांचं नाव घेण्यात वाईट काय? पण स्मरणानं आपले परिणाम शांत होतात, हे वेगळं. बोटातल्या खड्यानं उदयात आलेलं कर्म टळतं, हे वेगळं. बाईंना हे माहीत होतं. त्या रोज सामायिक करायच्या, थोकडे पाठ होते त्यांना. माहीत असूनही त्या तीन रात्रींचं ओझं त्यांनी अडतीस वर्षं वाहिलं, कारण माहीत असणं एक आणि घरात तेवीस वर्षांची विधवा जाऊ समोर बसलेली असणं दुसरं.

आता खड्याचं काय झालं ते सांगते.

पेंडंट करायचं तर खडा तपासून घ्या, असं सोनारानं सांगितलं. हल्ली कुणीही हेच सांगेल, आणि ऐका त्याचं. खाणीतल्या नीलमालाही भट्टीत तापवून रंग आणतात. श्रीलंकेचे दुधी, बिनकिमतीचे खडे १९७० नंतर थायलंडमध्ये तापवून निळे व्हायला लागले, आज बाजारात बहुतेक माल तापवलेलाच. काही खड्यांच्या चिरांत काच भरलेली असते. काश्मीरचा म्हणून कुणी दाखवला तर हात आखडा. किश्तवाडकडे पाडरच्या डोंगरात १८८१ च्या सुमारास दरड कोसळून तो सापडला आणि पाच-सहा वर्षांत चांगला माल संपलाही.

मी अंगठी घेऊन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेले, नात बरोबर. दोन तासांनी तिथल्या मुलीनं आम्हाला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. म्हणाली, "काकू, रेघा बघा." आत बारीक वळणदार रेघा होत्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. जमिनीतल्या नीलमात रंगाच्या रेघा सरळ असतात, कोनात वळतात. अशा गोलाईच्या रेघा कारखान्यातच येतात.

फ्रान्सचा व्हर्न्वी नावाचा रसायनशास्त्रज्ञ. त्यानं १९०२ मध्ये माणिक बनवायची रीत जाहीर केली आणि १९१० च्या सुमारास नीलमही जमवला. अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड ज्योतीतून खाली थेंबाथेंबानं वितळत पडते आणि काही तासांत बोटाएवढी कांडी तयार होते. निळ्या रंगासाठी चिमूटभर लोह आणि टायटॅनियम. खऱ्या नीलमात तेच असतं, म्हणून तेज तेच, कठीणपणा तोच, दुधातली झाकही तीच. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीकडे असे खडे घासून पैलू पाडायचा धंदा कित्येक दशकं घराघरांतून चालत आला आहे.

तर बाईंचा नीलम कुठल्याही खाणीतला नव्हता. डबीच्या तळाशी घडी घातलेली पावती होती, ती मी परत काढून पाहिली. 'नीलम, नग १, सव्वापाच रत्ती, ८०० रुपये.' वजन आहे, भाव आहे, खाणीचा की कारखान्याचा याबद्दल एक अक्षर नाही. विकणाऱ्यानं फसवलं की त्यालाच ठाऊक नव्हतं, कोण सांगणार? ते दुकान कधीच बंद झालं. नात गाडीत म्हणाली, "म्हणजे आजी, याच्यात शनी नाही आणि जीवहिंसाही नाही. मला तर असाच हवा होता." मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन पाटल्या मोडून घेतलेला.

खडा खोटा निघाला म्हणून बाई निर्दोष ठरल्या, असं मी म्हणणार नाही. तो खाणीतला असता तरी त्या निर्दोषच होत्या. पण अहवालाचा तो कागद हातात आल्यावर मला पहिल्यांदा घरात हा विषय काढायचं बळ आलं, हे मात्र खरं.

काकीजी आता पंचाहत्तर वर्षांच्या. मुलाकडे नाशिकला असतात, पर्युषणापासून नगरलाच होत्या. मी दुपारी त्यांच्याजवळ बसले आणि कागद पुढे ठेवला. सगळं सांगितलं, पाटल्यांचंसुद्धा. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही.

म्हणाल्या, "ट्रकला मागचा दिवा नव्हता. पोलीस तेव्हाच म्हणाले होते."

मी म्हटलं, "मग तुम्हाला कधी वाटलं नाही का, की खड्यामुळे..."

"कधीच नाही. अंगठीचं तर मला वर्षभरानं कळलं."

"मग बाईंना सांगितलं का नाही?"

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्यांनी कधी विचारलंच नाही गं. आणि मला वाटायचं, त्या माझ्यावर माया करतात. मायेचं कारण कुणी विचारतं का?" मग मेथीची जुडी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पहिला फुलका मी कितीदा परत तव्याकडे पाठवायची. ऐकायच्याच नाहीत."

अंगठी सध्या सोनाराकडे आहे. खडा पंचधातूतून काढून चांदीच्या साध्या कोंदणात बसवायला दिलाय, जास्त खर्च करायचा नाही असं नातीनंच बजावलंय. काकीजींनी त्यात घालायला आपली चांदीची साखळी दिली. पावती मी परत डबीत ठेवली आहे.